जावक क्रमांक दोनशे एकतीस

“पाठवला म्हंजे पाठवला, बाई. ह्यो बघा जावक नंबर, दोनशे सतरा.” आमच्या शाळेचे लेखनिक बंडप्पा यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.

नंबर होता, तारीख होती, अक्षर नेहमीसारखं मोत्याचं होतं. फक्त ईमेलने पाठवलेला माझा बदलीचा अर्ज संस्थेच्या कार्यालयात पोचला नव्हता. आई कळंबला अंथरुणाला खिळलेली आणि मी इथे वाशीच्या शाळेत. कळंबच्या आमच्याच संस्थेच्या शाळेत एक जागा निघाली, ती मिळाली बंडप्पांच्या पुतणसुनेला. तिने अर्ज हाताने नेऊन दिला होता. आता यात संशय घ्यायचा नाही तर कशात घ्यायचा?

मी घेतला, अगदी मनापासून. त्यांनी चहा विचारला की वाटायचं, मन खातंय. नाही विचारला की वाटायचं, तोंड चुकवतायत. शेवटी तक्रार लिहिली: लेखनिकाने माझा अर्ज मुद्दाम दाबला. मुख्याध्यापकांनी ‘संस्थेकडे पाठवा’ असा शेरा मारला आणि कागद गेला बंडप्पांकडेच, कारण शाळेत दुसरा लेखनिक नाही. दोन महिन्यांत रिटायर होणाऱ्या त्या माणसाने एक शब्द न बदलता ती टाईप केली आणि नंबर घातला, दोनशे एकतीस.

मग संस्थेचा फोन आला. महिनाभर शाळेचा एकही ईमेल त्यांना मिळाला नव्हता. मुख्याध्यापकांनी इंटरनेटवाल्या ईरण्णाला बोलावलं. मी मुद्दाम तिथे उभी राहिले. म्हटलं, आता पितळ उघडं पडेल.

ईरण्णाने कॉम्प्युटर चाळला, कंपनीला फोन लावला. “बंडप्पामामा, गेल्या महिन्यात इथनं एका दिवसात पाचशे मेल गेलेत. काय धाडलंत येवढं?”

“माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचं निमंत्रण. ज्याच्या त्याच्या नावानं, येगयेगळं. समद्यांना मिळून एकच पत्र धाडणं बरं दिसतंय व्हय?”

“तितंच घोटाळा झाला. कंपनीला वाटलं, कुणीतरी जाहिरातींचा कचरा सोडाया लागलंय. तिनं भायेर जायचा रस्ताच बंद केला. येणारे मेल येत व्हते, म्हून कुणाला कळलं न्हाय. तुमची समदी पत्रं हितंच अडकलीत बघा.”

पडद्यावर एकोणचाळीस पत्रांची रांग होती. सगळ्यात वर माझा अर्ज. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“सांगितलं कंपनीला. झाला रस्ता मोकळा,” ईरण्णा म्हणाला, आणि पत्रं एकेक करून जायला लागली. माझा अर्जही गेला, आता काही उपयोग नसलेला. तेव्हा कुठे मला बाकीच्या रांगेची आठवण झाली.

“बंडप्पाभाऊ, ते दोनशे एकतीस थांबवा.”

“नंबर पडलाय, बाई. नंबर पडलेलं पत्र म्या तीस वर्सांत कुणाचं अडवलं न्हाय.”

ते पडद्याकडे बघतच नव्हते. लाल पेन घेऊन ते रजिस्टरमध्ये प्रत्येक नंबरासमोर आजची तारीख घालत होते. दोनशे तीस झाल्यावर त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत घातला. मग पुढच्या नंबरासमोरही तितक्याच वळणदार अक्षरात तारीख घातली.