तिसरा रकाना

मुलीच्या वाढीच्या तपासणीसाठी टपालाने आलेल्या फॉर्मवर प्रत्येक प्रश्नापुढे तीन रकाने होते: हो, कधीकधी, अजून नाही. कोरिनने झाडून सगळीकडे ‘हो’वर खूण केली. तिचा नवरा डेल लाकडांचा ट्रक घेऊन निघताना बजावून गेला होता, की आमच्या घराण्यात कुणात काही खोट नाही. त्याच्या घराण्यातले नग कोरिन ओळखून होती, पण झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग खोटं उघडं पडू नये म्हणून तिने अडीच वर्षांच्या जूनीला तीन आठवडे पढवलं. ठोकळ्यावर ठोकळा ठेवला की खिशातून न्याहारीच्या सीरियलचा एक गोड दाणा तिच्या तोंडात.

आज मुलांची वाढ तपासणारी ऑक्युपेशनल थेरपिस्ट रेनाटा आली, बर्फातले बूट दारात काढून स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. डलुथ गावातली निम्मी पोरं तिने अशीच फरशीवर बसून पारखली होती. जूनीने सहा ठोकळ्यांचा मनोरा रचला. कोरिनला हायसं वाटलं. आता मदतीची गरज नाही असा शेरा पडेल आणि डेलला काही सांगावं लागणार नाही.

पण प्रत्येक ठोकळ्यानंतर जूनी तोंड उघडत होती आणि आईच्या खिशाकडे बघत होती. चेहऱ्याकडे एकदाही नाही.

रेनाटाने ते पाहिलं. ती रागावली नाही, आणि तेच कोरिनला जास्त लागलं. माझी परीक्षा अर्धीच गं, ती म्हणाली, उरलेली अर्धी तुझ्या खुणांवर. तू लिहिशील तेच मी धरणार. मग फॉर्म वाचता वाचता ती एका प्रश्नावर थांबली.

"लागलं-खुपलं की तुझ्याकडे येते? इथे हो लिहिलंयस."

काल जूनीचं बोट ड्रॉवरमध्ये चेमटलं होतं. कोरिन हातभर अंतरावर उभी. पोर फ्रिजकडे तोंड करून रडली. कोरिनने जवळ घ्यायला हात पुढे केले, तर अंग चोरून बाजूला झाली. कोरिनने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"नाही येत," कोरिन म्हणाली. "माझ्याकडे येत नाही ती."

रेनाटाने पेन पुढे केलं. कोरिनने पहिल्या प्रश्नापासून खुणा बदलायला सुरुवात केली. जूनीने सातवा ठोकळा ठेवला, तोंड उघडलं, आणि खिशाकडे बघत राहिली.