पेनीची घंटी

दचकू नका, आवाज देव्हाऱ्यातूनच येतोय. गणपतीच्या डाव्या अंगाला खिळ्यावर पितळी घंटी टांगलेली आहे ना, ती मी. मराठी मी इथेच शिकले, सिंगापूरच्या बेडोक भागातल्या या फ्लॅटमध्ये, आरत्या आणि भांडणं ऐकून ऐकून. शाळा नाही, मास्तर नाही. तरी बोलायला लागले की मला कुणी अडवून दाखवावं!

माझा जन्म मुरादाबादचा. वाळूच्या साच्यात ओतलं, घासलं, आत लोलक अडकवला आणि पेटीत भरून थेट अमेरिकेला धाडलं. माझ्याबरोबरच्या कितीतरी जणी तिथे नाताळच्या झाडांवर लटकल्या, आठ दिवस मिरवल्या आणि माळ्यावर गेल्या. मला मात्र ॲरिझोनाच्या वाळवंटात राहणाऱ्या वॉल्टरनं घेतलं आणि आपल्या कुत्रीच्या गळ्यात बांधलं.

तिचं नाव पेनी. पांढरी, अंगावर काळपट तांबडे ठिपके, कान मऊ. वॉल्टरचा धंदा म्हणजे हौशी लोकांना लावा पक्ष्यांच्या शिकारीला नेणं. वाट तो दाखवी, पक्षी पेनी शोधी, बंदूक गिऱ्हाईक चालवी. तो स्वतः कधी बंदूक उचलत नसे.

निवडुंगातून, काट्यांच्या झुडपांतून पेनी धावायची आणि मी खुळखुळत राहायचे. माणसांना ती दिसत नसे, माझ्या आवाजावरून कळे ती कुठे आहे ते. मग एकाएकी मी गप्प व्हायचे. म्हणजे पेनी थिजली. एक पाय उचललेला, शेपूट ताठ, नाक झुडपाकडे. तिथे लावे दडलेले असायचे. म्हणजे बघा, माझं खरं काम वाजणं नव्हतंच. माझं काम गप्प होणं. मी गप्प झाले की बंदुका पुढे यायच्या. या गोष्टीचा मला कधी अभिमान वाटला नाही, पण पेनीला तिच्या कामाचा होता, आणि मी तिच्या गळ्यात होते.

वॉल्टर प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी एकच गोष्ट बजावायचा. "पक्ष्याच्या खाली आभाळ दिसलं तरच चाप ओढायचा. लावा पळण्यात पटाईत असतो. जमिनीवरून पळाला तर पळू द्यायचा. खाली माझी कुत्री असते."

ब्याण्णवच्या हिवाळ्यात प्रबोध आला. या घराचा मालक, सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावरचा चीफ इंजिनियर. जहाज कॅलिफोर्नियाच्या गोदीत दुरुस्तीला लागलं होतं. सोबत सेकंड इंजिनियर दिलीप. दोघांनी कधी साधी बेचकी धरली नसेल, पण अमेरिकेत आलोय तर शिकार करून पाहू, ही हौस!

दिलीपनं सकाळीच दोन लावे पाडले. प्रबोधचे बार हवेत गेले. दिलीप हसून हसून बेजार. "चीफ, बॉयलर नाहीये तो, उडतो! की इंजिन रूममध्ये बांधून आणू एखादा?"

प्रबोध हसला, पण त्याचे कान लाल झाले.

दुपारी मी गप्प झाले. पेनी एका झुडपापाशी थिजली. तुरेवाला एक लावा बाहेर निघाला आणि उडायचं सोडून झुडपाला वळसा घालत पळत सुटला. खाली वाळू होती. आभाळाचा तुकडा नव्हता. वॉल्टर ओरडला, "नको!"

प्रबोधनं चाप ओढला.

ट्रकपर्यंत नेईतो पेनी संपली. प्रबोध वाळूत बसून रडला. मला विचाराल तर तो स्वतःसाठी रडला. वॉल्टरनं पट्टा सोडला, मला काढलं आणि प्रबोधच्या हातात ठेवलं.

"हिचा आवाज आता माझ्याच्यानं ऐकवणार नाही," तो म्हणाला. "तू घेऊन जा."

मोज्यात गुंडाळून प्रबोधनं मला सिंगापूरला आणलं. फेकायचं धाडस नाही, दाखवायचंही नाही. पण बॅग उपसणारी बायको असते, हे नवऱ्यांच्या लक्षात राहत नाही.

"अय्या, घंटी!" संजीवनी ओरडली. "अहो, देवाची घंटी मोडलीय हे लक्षात होतं तुमच्या? आणि मी उगाच म्हणते तुम्हाला घराचं काही पडलेलं नाही!"

खरं सांगायला तेवढा एक क्षण होता प्रबोधकडे, तोही त्यानं घालवला. संजीवनीनं मला चिंचेनं घासलं, हळदकुंकू लावलं आणि देवापुढे टांगलं. पेनीच्या गळ्यातली मी, गणपतीच्या सेवेत रुजू झाले.

तेव्हापासून जहाजावरून घरी आला की आरतीला तो मला मुठीत घट्ट दाबून हलवतो. खट खट, एवढाच आवाज.

"अहो, मूठ कसली आवळता? देवाला ऐकू जायला नको का?" संजीवनी म्हणते.

"डोकं दुखतं गं."

"रोज? आरतीच्याच वेळी?"

त्यांची मुलगी जाई. तिला कुत्रं हवं होतं. जन्मात दुसरं काही मागितलं नसेल एवढं तिनं ते मागितलं, इथल्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीच्या ढंगात. "बाबा, व्हाय कॅनॉट? शेजारच्या आँटी टानचा डॉगी बिस्किट पण फ्लॅटमध्येच राहतो, लाह! सो स्मॉल ओन्ली!"

"नाही म्हटलं ना!" प्रबोध असा खेकसायचा की पोरीचं तोंड एवढंसं व्हायचं. तिला वाटायचं, बाबांना कुत्री आवडत नाहीत. मग तिनं हळूहळू बाबांना काही सांगणंच सोडलं. बाप बोटीवरून फोन करायचा तेव्हा ती "हॅलो, फाइन, बाय" म्हणून रिसीव्हर आईकडे द्यायची. मी सगळं पाहत होते. जळफळत होते, पण खिळ्यावरून मला उतरता येत नव्हतं.

उतरवलं तिनंच. गेल्या रविवारी. शेजारच्या आँटी टान बाजारात गेल्या, बिस्किटला जाईकडे सोपवून. संजीवनी स्वयंपाकात, प्रबोध दाढी करत होता. बिस्किट हरवू नये म्हणून जाईनं मला खिळ्यावरून काढलं, केसांच्या रिबिनीत ओवलं आणि त्याच्या गळ्यात बांधलं.

काय सांगू तुम्हाला! लांबलचक कॉरिडॉर, दोन्हीकडे कुंड्या, वाळत घातलेले कपडे, आणि ते पांढरं पिल्लू सुसाट. मी खुळखुळले, मोकळ्या गळ्यानं खुळखुळले. मूठ नव्हती ना माझ्याभोवती.

तेवढ्यात कुंडीमागे बिस्किटला साळुंकी दिसली. तो थांबला. एक पाय उचलला.

मी गप्प झाले.

घरात काहीतरी धाडकन पडलं. प्रबोध बाहेर आला, अनवाणी, अर्ध्या गालावर साबणाचा फेस. "थांबा!" तो ओरडत धावला. "मारू नका! कुत्री आहे खाली! खाली आहे ती!"

कोण मारणार होतं? कॉरिडॉरमध्ये पँट झटकणारे एक चिनी आजोबा होते, ते तसेच उभे राहिले. साळुंकी उडून गेली. प्रबोध जाईपाशी पोचला, बिस्किटच्या अंगावरून हात फिरवत राहिला, पुन्हा पुन्हा, जणू छऱ्यांची भोकं शोधत होता. मग तिथेच बसला.

मागून संजीवनी आली. "जाई! देवाची घंटी कुत्र्याच्या गळ्यात? अक्कल आहे का?"

"तिला रागावू नकोस," प्रबोध म्हणाला. "घंटी कुत्रीचीच आहे. देवापुढे आपण टांगली."

आणि त्यानं सांगितलं. आधी ऊन डोळ्यांवर होतं म्हणाला, मग दिलीप चिडवत होता म्हणाला. जाई ऐकत होती. तिनं बिस्किटला छातीशी धरलं होतं.

"बट बाबा, त्या अंकलनी नको म्हटलं होतं?"

"हो."

"तुला ऐकू आलं?"

"आलं," तो म्हणाला. "ऐकू आलं होतं, जाई."

जाई रडली, पण लांब गेली नाही. संजीवनी मात्र पेटली होती. "इतकी वर्षं मी हिला हळदकुंकू लावतेय आणि तुम्ही गप्प! मला सांगवलं नाही तुमच्यानं?" दुपारभर भांडी आदळली. मला वाटलं, आता आपली रवानगी कचरा खाली टाकायच्या नळकांड्यात. जावं लागलं असतं तर गेलेही असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला पुन्हा घासलं. नैवेद्याच्या वाटीतला गुळाचा खडा काढून माझ्यापाशी वेगळा ठेवला. "हा तिचा," म्हणाली. मग मला प्रबोधच्या हातात दिलं. "वाजवा. मूठ उघडून."

त्यानं मूठ उघडली. मी वाजले. खणखणीत वाजले. शेजारी बिस्किट भुंकला तेव्हा जाई हसली, आणि कुत्र्याचं पुन्हा विचारलं. तो "नाही" म्हणाला नाही. "बघू," म्हणाला.

माझं म्हातारीचं एवढंच मागणं आहे. हातात काहीही असो, बंदूक नाहीतर नुसता राग, आधी खाली आभाळ दिसतंय का बघा. आणि ज्याच्या गळ्यातली घंटी तुमच्या घरात वाजते, त्याचं नाव घरातल्यांना सांगा. माझ्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे. आरती संपली की जाई हळूच म्हणते, "पेनी."