सगळं ऐकणारा अँटेना

माझ्या दिरानं माझ्या छपरावर जे उभं केलं होतं ते लांबून मोडक्या छत्रीसारखं दिसायचं. वर चार-सहा आडव्या काड्या, खाली तिरप्या काड्या पसरलेल्या, आणि कापड कुणी तरी ओरबाडून नेल्यासारखं. चर्चमधून परतणाऱ्या बायका मान वर करून विचारायच्या, "डेल्फा, हे काय गं?" मी म्हणायची, "बर्लचं डोकं. उघडलं तर आत असंच निघेल."

तेव्हा हसायला यायचं. आता ते आठवलं तरी तोंड कडू होतं.

आमच्या रॉकलिक खोऱ्यात स्कॅनर घरोघर आहे. ओट्यावर, कॉफीच्या भांड्याशेजारी. पोलीस, रुग्णवाहिका आणि बंबवाले आपसात जे बोलतात ते त्या डब्यातून ऐकू येतं. मला त्यातलं एकच ऐकायचं असतं. माझा रॉस्को बंबावर आहे. पगार नाही, काही नाही. दिवसभर लाकडाच्या गिरणीत राबतो आणि भोंगा वाजला की हातातलं टाकून पळतो. आग विझली की तो यंत्रात म्हणतो, "सात नंबर, परत स्टेशनात." तेवढं कानावर पडलं की माझा घास खाली उतरतो. पण जिल्ह्यानं रेडिओचा जुना मनोरा पाडून नवा डोंगरापलीकडे बांधला, आणि तेव्हापासून डब्याच्या पाठीवरची अँटेनाची रबरी शेपटी नुसती शोभेची झाली. रॉस्को जायचा, आणि मी त्या खरखरीकडे बघत बसायची.

म्हणून छपरावर अँटेना लावायचं ठरलं. त्यावर माझ्या स्वयंपाकघरात जी पंचायत बसली तशी लेकीच्या लग्नालाही बसली नव्हती.

रॉस्को म्हणाला, "आई, पोलिसांना आणि रुग्णवाहिकेला सरकारनं नवी यंत्रं दिली. आम्ही बंबवाले अजून जुन्याच यंत्रांवर, खालच्या पट्टीत, लांब लहरींवर बोलतो. त्याला लांब दांडी लागते. माणसाहून उंच. उभी ठोकायची, झालं."

"आणि पोलीस ऐकू येतील त्यावर?" बर्लनं विचारलं. बर्ल म्हणजे माझ्या नवऱ्याचा धाकटा भाऊ. ताटात साधे घेवड्याचे दाणे होते, तरी तिसऱ्यांदा वाढून घेत होता.

"पोलीस आईला कशाला हवेत, काका?"

"म्हणजे एवढं मरमर करून छपरावर चढायचं आणि ऐकायचं काय, तर पाइप कुठं ठेवला आणि डोनट कुणी संपवले? वहिनी, मी आणतो तो सगळं ऐकतो. खालचं, वरचं. विमानंसुद्धा."

"खालचं नाही ऐकत तो नीट," रॉस्को म्हणाला.

"खोक्यावर छापलंय ऐकतो म्हणून!"

"खोक्यावर काय, तुमचा फोटो छापून देखणा लिहिलं तरी चालतं."

मी म्हटलं, "भांडू नका. लावणार कोण आणि कधी, ते सांगा."

रॉस्को म्हणाला, रविवारी. त्याचा रविवार मला ठाऊक आहे. मागच्या दाराची कडी अजून त्या रविवारची वाट बघतेय. बर्ल म्हणाला, "उद्या सकाळी. आणि पैसे माझे, वहिनी. भेट समजा."

त्या माणसानं जन्मात मला दिलेली ती पहिली भेट. पण मला पोराचा आवाज हवा होता, आणि उद्या हवा होता.

भेट कसली, माझं घर डोंगराच्या धारेवर आहे, खोऱ्यात सगळ्यात उंच. बर्लचं घर खाली ओढ्याकाठी, तिथं माशीची गुणगुणसुद्धा पोचत नाही. आणि बर्ल फोनवर एक पान चालवतो, 'खोऱ्याचा कान' नावाचं. कुठं काय झालं ते तिथं लिहितो आणि रिकामटेकडे लोक आवडल्याचे अंगठे देतात. त्याला माझं छप्पर हवं होतं. मला हे कळलं ते तो रोज दुपारी माझ्या टेबलाशी येऊन बसायला लागला तेव्हा.

आणि ऐकू काय यायला लागलं! शी. कुणाचा म्हातारा न्हाणीघरात उघडाच पडलाय. कुणाच्या नवऱ्यानं दारू पिऊन दार फोडलंय. कुणाची लेक गोळ्या खाऊन गाडीत निपचित पडलीये, पत्ता अमुक, वय तमुक. ज्या बाईच्या शेजारी मी चर्चमध्ये बसते तिच्या घरातली लाज माझ्या ओट्यावर, माझ्या लोण्याच्या डब्याशेजारी. डब्याचा आवाज बारीक केला की बर्ल मोठा करायचा. एका हातात माझी मक्याची भाकरी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टकटक लिहिणं, हनुवटीवर ताक. नुसतं बघून मला अंघोळ करावीशी वाटायची.

आणि बंबाची पट्टी? तव्यावर डुकराची चरबी तडतडावी तशी तडतड. बाकी काही नाही.

"आज बोलत नसतील," बर्ल म्हणायचा.

"कालही बोलले नाहीत?"

"आगच नाही लागली तर काय बोलतील, वहिनी? तुम्हाला काय, आग लागायला हवीये?"

ती शनिवारी लागली. पानगळीचे दिवस, जुन्या खाणीच्या रस्त्याला कुणी तरी पाला पेटवला आणि वारा उठला. भोंगा झाला. रॉस्कोची गाडी खालच्या रस्त्यानं गेली ती मी खिडकीतून बघितली. मी बंबाची पट्टी लावली. तडतड. बर्लनं माझ्या हाताखालून बटण फिरवून पोलिसांची पट्टी लावली, आणि तिथं आवाज कसा, शेजारी बसून बोलावं तसा. पोलीस सांगत होता, बंबाची गाडी वळणावर खड्ड्यात उलटलीये. एक माणूस खाली आहे. हालचाल दिसत नाही.

माझे हात पिठाचे होते. ते तसेच राहिले.

मी म्हटलं, "कोण? नाव सांग म्हणावं त्याला."

नाव काही आलं नाही. आणि मागून टकटक ऐकू आली.

"बर्ल, काय लिहितोस?"

"काही नाही."

"दाखव."

दाखवलं नाही, पण मी हिसकावून घेतला फोन. 'खाणीच्या रस्त्यावर बंबवाला ठार.' खाली एवढ्यातच मेणबत्त्या, जोडलेले हात, रडकी तोंडं. एक बाई विचारत होती, रॉस्को का? दुसरीनं लिहिलं होतं, अरेरे, चांगला होता बिचारा.

"कुणी सांगितलं तुला ठार म्हणून?"

"हालचाल नाही म्हणाला ना तो! आणि दुसरं कुणी आधी लिहिलं असतं तर?"

त्याचा पुतण्या गाडीखाली असू शकत होता, आणि याला भीती दुसऱ्यानं आधी लिहिण्याची.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रॉस्कोची बायको जोलीन. ती दुकानात गल्ल्यावर असते. बोलत नव्हती, किंचाळत होती. कुणी गिऱ्हाइकानं तिला ते पान दाखवलं होतं. मी म्हटलं, "पोरी, मला काही माहीत नाही, आणि ज्यानं लिहिलंय त्यालाही माहीत नाही. थांब." मी बंबाच्या स्टेशनला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. अख्खा जिल्हा ते पान वाचून तिथंच फोन करत होता.

उरली ती बंबाची पट्टी. आणि ती ऐकायची तर लांब दांडी हवी.

मागच्या अंगणात माझी कपड्यांची तार आहे. पोलादी, दोन लाकडी खांबांना ताणलेली. मला काही त्यातलं कळत नाही, पण लांब आहे एवढं दिसत होतं. मी छपरावरून आलेली बर्लची केबल डब्यातून उपटून काढली.

"वहिनी! अहो, पोलीस चाललेत अजून!"

"तू गप बस, नाही तर पोलीस तुझ्यासाठी येतील."

रॉस्कोच्या जुन्या कपाटात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. एक टोक डब्याच्या भोकात खुपसलं, दुसरं खिडकीतून बाहेर नेलं आणि कपड्यांच्या तारेला चिमट्यानं दाबून टाकलं, ओल्या चादरींच्या मध्ये. परत आत पळत आले. तडतड. मग तडतडीच्या आत कुणी तरी. मी डब्याला कान लावला.

"...जॅक गाडीखाली इकडून लाव. इकडून, गाढवा! एल्झी, डोळे मिटू नकोस. एल्झी, माझ्याशी बोल."

माझ्या पोराचा आवाज. त्याच्या मागे आणखी एक आवाज, घाणेरड्या शिव्या देणारा, तो गाडीखाली अडकलेल्या त्याच्या जोडीदाराचा, एल्झीचा. चर्चमधल्या गाण्यानं कधी वाटलं नव्हतं इतकं बरं त्या शिव्यांनी वाटलं. मग रॉस्को म्हणाला, "स्टेशन, पाय दबलाय, माणूस शुद्धीत आहे. आणि इथं कुणी मेलेलं नाही. ही मेल्याची बातमी कोणत्या हरामखोरानं उठवली?"

मी जोलीनला फोन करून सांगितलं, "जिवंत आहे. ओरडतोय." ती रडायला लागली आणि मी ठेवून दिला फोन.

बर्ल म्हणाला, "बरं झालं बाई. मग बदलतो मी. 'बंबवाला मृत्यूशी झुंजतोय.' चालेल?"

एवढी वर्षं हा माणूस माझ्या टेबलाशी जेवला.

मी आधी एल्झीच्या घरी गेले. दाण्यांचं पातेलं उचललं आणि गेले, कारण आमच्याकडे माणूस दवाखान्यात गेला की तसंच जातात. आत जायचं, पातेलं चुलीवर ठेवायचं, बसायचं. एल्झीची बायको वर्निस दारात आली. जाळीचं दार तिनं उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"एल्झीचा पाय वाचेल म्हणतात," मी म्हटलं.

"हो. मला तासभर तो मेलेलाच होता."

"वर्निस, ते बर्लनं..."

"बर्ल कुठं बसून लिहीत होता, डेल्फा? कुणाच्या खुर्चीत? कुणाच्या छपरावरून ऐकून?"

मला खोऱ्यात कुणी असं बोलत नाही. मीच बोलते लोकांना. तिनं माझ्या हातातलं पातेलं घेतलं, कारण आत पोरं भुकेली होती, आणि म्हणाली, "भांडं पाठवून देईन." मी पायरीवर उभी, आणि दार लागलं.

घरी आले तर बर्ल अजून तिथंच. अंगठे मोजत होता.

"शिडी मागच्या बाजूला आहे," मी म्हटलं. "चढ आणि उतरव ते."

"वहिनी, रागात काही करू नका. चूक झाली, सांगून टाकली ना मी पानावर. आणि तुम्हाला रॉस्कोच्या त्या दांडीवर काय ऐकू येणार? खोऱ्यात काय चाललंय ते कळणारच नाही तुम्हाला."

"चढ, बर्ल. तू चढला नाहीस तर मी चढेन, आणि मग तुझ्या त्या छत्रीची एकेक काडी खाली फेकेन, तू खाली उभा असताना."

चढला. वर कुरकुरत होता, खिळे काढताना दोन कौलं फोडली. ती मोडकी छत्री गाडीच्या टपाला बांधून गेला. आता ती त्याच्या मेव्हण्याच्या गॅरेजवर आहे, पाण्याच्या टाकीजवळ. पान चालूच आहे. लोक वाचतातच. चर्चमधली इर्मा मला रविवारी सांगत होती कुणाच्या घरी पोलीस आले ते, मी म्हटलं, "इर्मा, तुझ्या तोंडाला वास येतोय." बोलत नाही आता माझ्याशी.

रॉस्को मंगळवारी आला, कपाळाला पट्टी, आणि दांडी ठोकून गेला. वाकडी आहे. वाऱ्यात माशाच्या गळासारखी हलते. तिच्यावर बंबवाले ऐकू येतात, बाकी कुणी नाही. एल्झीचा पाय प्लास्टरात आहे म्हणून त्याला स्टेशनात यंत्राशी बसवलंय. रोज संध्याकाळी तो यंत्र तपासायला सगळे नंबर एकेक करून पुकारतो, मग डोनट संपल्याची तक्रार करतो. काल म्हणाला, वर्निसला सांगा, पाय खाजतोय, विणायची सुई पाठव. मी उठून सुया शोधल्या, कागदात गुंडाळल्या, आणि मग ओट्यावरच ठेवल्या. वर्निसनं पुन्हा दारातूनच परत पाठवलं तर ते मला सोसायचं नाही. रॉस्को आला की त्याच्याबरोबर एल्झीला देईन, आणि कुणी दिल्या ते सांगू नको म्हणेन.