दोन नंबरच्या सिलिंडरातल्या मुंग्या

वर्षालीच्या गाडीत इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा होता. तो मनाला येईल तेव्हा लागायचा. मग गाडी उचकी लागल्यासारखी चालायची, आणि दोन-तीन दिवसांनी काही झालंच नाही अशा थाटात दिवा विझायचा.

मोजमापाची उपकरणं खरं सांगतात की नाही हे तपासणं हा वर्षालीचा पेशा. भोसरीतल्या प्रयोगशाळेत खोटं बोलणारा मायक्रोमीटर ती पंधरा मिनिटांत पकडायची. घरची गाडी मात्र आठ महिने तिला फसवत होती.

म्हाळुंग्याहून भोसरीला जायचं तर एरवी दोन बस आणि एक शेअर रिक्षा. गाडी आल्यापासून ती सातच्या आत घरी येऊ लागली होती. त्यामुळे सासऱ्यांनी जेवताना फर्मान काढलं, तेव्हा तिचा घास हातातच राहिला.

"आता पुन्यांदा दिवा लागला, की गाडी दिग्विजयला देऊन टाकायची," दादासाहेब म्हणाले. "वाटंत मोशीत ट्रेलरच्या म्होरं बंद पडली म्हंजे? न्हाई चालायचं आपल्याला."

दिग्विजय त्यांचा पुतण्या. तो दर रविवारी येऊन गाडी स्वतःच्या रुमालानं पुसून जायचा. मागच्या काचेवर लावायला त्यानं 'दिग्विजयदादा' असं तीन फुटी स्टिकरही करून आणलं होतं.

"वहिनी, लावत नाय हो, नुसतं माप घेतोय," असं म्हणत तो एक कोपरा चिकटवून बघायचा.

"अवसंला लागतोय दिवा. मी कवाधरनं सांगतीय," सासूबाई, म्हणजे कुशाबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या.

"गप गं! घरात फिजिक्सची एमेस्सी सून आलीय. अवस-पुनव बंद केलीय आपण. चावडीवर सांगितलंय मी."

सासूबाईंचं म्हणणं खोडून काढावं, म्हणून वर्षालीनं त्या रात्री आपली वही उघडली. दिवा लागल्याची प्रत्येक तारीख तिनं टिपून ठेवली होती. त्या तारखा तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. आठ महिन्यांत दिवा सात वेळा लागला होता, आणि सातही वेळा अमावास्येला. उरलेल्या एका अमावास्येला घरातले सगळे लग्नासाठी साताऱ्याला गेले होते आणि गाडी अंगणातच उभी होती.

ती स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायली.

रविवारी तिनं भोसरीच्या ज्योतीराम मेकॅनिकचं गॅरेज गाठलं. दिवा अर्थातच विझलेला. ज्योतीरामनं स्कॅनर जोडला. इंजिनात तीन सिलिंडर, त्यातलं मधलं, दोन नंबरचं, मध्येच पेटायचं चुकतंय एवढं समजलं. त्यानं त्यावरची, ठिणगी देणारी कॉइल उपसून काढली आणि डोळे बारीक केले.

"ताई, इंजिनात मुंग्या झाल्यात."

"इंजिनात?"

"रांगच लागलीय. हे बघा, वर चिकट बसलंय काहीतरी." त्यानं बोटावर घेतलं आणि वर्षाली नको म्हणेपर्यंत चाटलंसुद्धा. "गोड लागतंय राव! सीटवर सरबत सांडलेलं मी पाहिलंय. बॉनेटखाली कोण पाजतंय हिला?"

कोण पाजतंय, हाच नेमका प्रश्न होता. अमावास्या कॉइलला हात लावत नाही. अमावास्येला काहीतरी करणारं माणूस लावतं.

पुढची अमावास्या गुरुवारी आली. वर्षाली पहाटे उठली आणि गाडीच्या मागच्या सीटपुढच्या जागेत चादर पांघरून दडून बसली. उजाडताना पावलं वाजली. पुढचं दार उघडलं, एक हात आत आला आणि बॉनेटची कळ ओढून गेला. हाताची पाचही बोटं शाबूत होती, आणि याची बढाई तिनं घरात शंभरदा तरी ऐकली होती. दादासाहेबांनी भोसरीत तीस वर्षं लेथ चालवला होता.

बाहेर नारळ फुटला. मग गाडीशी बोलणारा दबका आवाज आला.

"बाई, तीस वर्षं लेथच्या डोक्यावर असंच पाणी शिंपडलं, एक बोट न्हाई गेलं माझं. आता पोरगी रोज मोशीवरनं जाती. तिला सांभाळ. आन् तो दिवा लावू नगं गं, लई भ्या वाटतं."

पाठोपाठ उदबत्तीचा धूर आत शिरला. वर्षालीला सणसणीत शिंक आली.

दादासाहेब दोन पावलं मागं उडाले. हातातली नारळाची वाटी शेजारच्या बादलीत जाऊन पडली.

"मामा, मी आहे!" ती चादरीसकट बाहेर आली.

"तू गाडीत काय करतीस?"

"मोजमाप. तुम्ही काय करताय?"

दादासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुझ्या सासूला सांगू नगं."

तिनं त्यांना नारळाच्या पाण्यानं ओलं झालेलं कॉइलचं तोंड आणि त्यावरच्या मुंग्या दाखवल्या. त्यांनी वाकून पाहिलं.

"म्हंजे दिवा मीच लावत होतो?"

"बरोबर मधल्या सिलिंडरावर. नेम चांगला आहे तुमचा."

"आन् आज लागला, तर गाडी दिग्विजयची," ते म्हणाले. स्वतःचं फर्मान आठवून त्यांचा चेहरा पडला. "जबान दिलीय मी त्याला."

वर्षाली घरात गेली, वायरचं लांबलचक भेंडोळं आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. ज्योतीरामनं दाखवल्याप्रमाणे तिनं कॉइल उपसली, पुसली आणि गरम हवा सोडली. दादासाहेब फडक्यानं वारा घालत होते. तेवढ्यात कुशाबाई दारात आल्या.

"आगं बया! गाडीला न्हाऊ घातलंया का काय?"

वर्षालीनं किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, आणि इंजिन सुरू होताच सगळे विझले. पिवळासुद्धा. तिनं गावाला दोन चकरा मारल्या, उचकी नाही.

त्यापुढच्या अमावास्येला नारळ उघडउघड, पण चाकापुढच्या दगडावर फुटला. त्यानंतर दिवा लागला नाही. दिग्विजयनं स्टिकर आपल्या मोटारसायकलला लावलं. डाव्या बाजूला 'दिग्वि' आणि उजवीकडं 'जयदादा' आलं.

कुशाबाईंनी मात्र विषय सोडला नाही.

"मी म्हनत न्हवते, अवसंचंच हाय म्हनून?"

दादासाहेब ताटात बघत राहिले. वर्षालीनं वहीतल्या सात तारखांचे आकडे आठवले. ते सगळे सासूबाईंच्या बाजूनं होते.

"हो आई," ती म्हणाली आणि त्यांना आणखी आमटी वाढली.