सूरसागरातलं आरमार

मी एक होडी. बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या काठावरून बोलतेय. जन्म बिलिमोऱ्याचा, खाडीकाठचा. सुताराने फळी फळी जोडताना मला समुद्राची स्वप्नं दाखवली आणि मग बैलगाडीत घालून तलावात पाठवलं!

तेव्हा जर्मनीशी लढाई चालू होती. गावातल्या हौशी मंडळींनी पोरांना आरमाराचं शिक्षण द्यायचं ठरवलं. शिकवायला नेमले दत्ताजीराव, घोडदळातून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता, पोहणं येत नव्हतं. मिशा मात्र झुबकेदार. माझ्या टोकाशी उभे राहून ते ओरडत, "लगाम खेचा!" पोरं मुकाट्याने वल्ही ओढत. हुकमाशिवाय जागा सोडायची नाही, हा त्यांचा पहिला धडा.

सगळ्यांत तयारीचा हेरंब. लढाईवर जायचंच, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

एके सकाळी मुंबईहून गोरा साहेब पोरं निवडायला आला. काठावर ही गर्दी! दत्ताजीरावांनी जोशात आरोळी ठोकली, "डावीकडे दौड!" अर्धी पोरं स्वतःच्या डावीकडे वळली, अर्धी दत्ताजीरावांच्या. मी गर्रकन फिरले आणि दत्ताजीराव धबकन पाण्यात!

"अरे, डूब्या, डूब्या!" काठावरच्या गुजराती मंडळींचा एकच ओरडा. पोरं जागच्या जागी ताठ.

"हुकूम, रावसाहेब?" हेरंबाने विचारलं.

"उडी... मार... गाढवा!"

हेरंबाने उडी मारली आणि हाती लागल्या त्या मिशा धरून त्यांना काठावर ओढलं.

साहेब खूश. "उमर कितना?"

"सोळा," हेरंब छाती काढून म्हणाला.

दत्ताजीराव कुडकुडत उठले. "चौदा, साहेब. मी याच्या बारशाला जेवलोय."

साहेबाने मान हलवली. हेरंबाची निवड हुकली. त्याचे डोळे संतापाने भरले. "मी तुमचा जीव वाचवला, आणि तुम्ही असं?"

"मीही तेच केलं, पोरा," पागोटं पिळत दत्ताजीराव हळूच म्हणाले. "लढाई मी पाहिलीय."

कितीतरी दिवस हेरंब फिरकला नाही. मग एकदा आला, तर दत्ताजीराव गुडघाभर पाण्यात उभे. "मला पोहायला शिकव."

हेरंब पाण्यात उतरला. मग म्हणाला, "आधी पागोटं काढा."

आता मी पालथी पडलेय. पाठीवर परीट धोतरं वाळवतो. बाबांनो, माझ्या तळाला थोडं डांबर लावा, पोरं बसवा आणि पाण्यात लोटा. कुणाला कुठे पाठवायचं नाही. एक फेरी मारायची आणि जेवायच्या वेळेला सगळ्यांना घरी आणायचं.