उघडे साबण

साबणाची दोनशे वेष्टनं पाठवली की कंपनी एक श्रवणयंत्र देणार होती. शिंप्याच्या मुलीला कमी ऐकू येई, म्हणून गल्लीने एकशे एक्क्याऐंशी जमवली. शेवटच्या दिवशी दुकानदारकाकांनी विक्रीचे एकोणीस साबण सोलले आणि वेष्टनं शिंप्याला दिली.

संध्याकाळी शेजारच्या मावशींनी एक साबण उलटसुलट करून पाहिला.

"हा असा नागडा कसा हो?"

"अंघोळीला कपडे घालून जाता का, वहिनी?" म्हणत काकांनी कारण सांगितलं.

"मग टाका सगळे पिशवीत!"

दोन महिन्यांनी मुलगी यंत्र लावून दुकानात आली, तेव्हा मावशी लांबूनच ओरडत होत्या, "अहो, तुमचे ते नागडे साबण संपता संपत नाहीत!"

मुलगी खुदकन हसली.