शेजारच्या सीटचा ब्रेक

मी बत्तीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं आणि तेहतिसाव्या वर्षी स्वतःची गाडी भिंतीवर घातली. ती भिंत माझ्या लहानपणापासून त्याच वळणावर आहे, त्यामुळे अचानक आडवी आली असंही म्हणता येत नव्हतं. मग मी म्हटलं, ब्रेक फेल झाला. पोलिसाला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, फोनवर मुलीला सांगितलं आणि पाचव्यांदा सांगेपर्यंत माझा स्वतःचाच त्यावर बऱ्यापैकी विश्वास बसला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी विद्यार्थ्यांना रोज ऐकवायचो.

गाडी वीस वर्षांची, माझ्या ड्रायव्हिंग स्कूलची शेवटची. स्कूल बंद झालं, पाटी उतरली, गाडी तेवढी मी ठेवून घेतली. शिकवणीच्या गाडीत असतो तसा तिच्यातही शेजारच्या सीटपुढे आणखी एक ब्रेक आहे, शिकवणाऱ्याच्या पायाशी. माझं आयुष्य त्याच सीटवर गेलं. स्टिअरिंगला हात न लावता दुसऱ्याला अक्कल शिकवणं मला तिथून फार छान जमायचं.

अपघातात मला साधं खरचटलंही नाही. शेजारी बायको होती, तिचं मनगट मोडलं. त्यानंतर गाडी दुरुस्त करायची की भंगारात द्यायची, यावर आमच्या घरात अकरा दिवस वाद चालला. मला ती दुरुस्त हवी होती, हिला डोळ्यांसमोरही नको होती. कारण विचारलं की ही प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं बघत बसायची. भीती बसली असेल असं मला वाटलं. भीतीवर माझं एक तयार भाषण आहे, ते मी हिला दोनदा दिलं. शेवटी गॅरेजवाला सांगेल ते दोघांनी ऐकायचं, असं ठरलं.

गॅरेजवाला माझाच जुना विद्यार्थी. परीक्षेत गाडी मागे घेताना त्याने एकच खांब तीनदा पाडला, तेव्हा मीच त्याचं नाव रिव्हर्स ठेवलं. आता पन्नाशीला आलाय, तरी मला सर म्हणतो. गाडीचं बॉनेट मध्येच दुमडलं होतं, रेडिएटर फुटला होता, एक दिवा वायरीला लोंबत होता. रिव्हर्स गाडीखाली शिरला, बराच वेळ ठोकून बघितलं आणि बाहेर येऊन म्हणाला की चासी, म्हणजे खालचा सांगाडा, सरळ आहे, गाडी उभी राहील. मी बायकोकडे विजयी मुद्रेने बघितलं. तिने माझ्याकडे बघितलंच नाही.

"पण सर," तो हात पुसत म्हणाला, "ब्रेकला काहीच झालेलं नाही. पाइप, तेल, सगळं जागच्या जागी. दोन्हीकडचे तपासले."

गरम झाल्यावर होतं कधीकधी असं, मी म्हणालो. असं काही होत नाही हे त्याला माहीत होतं, कारण मीच त्याला शिकवलं होतं. तो बिचारा फोन आल्याचं निमित्त करून बाहेर गेला.

"म्हणजे माझ्यापुढचाही चालू होता," बायको म्हणाली.

आवाज इतका बारीक, की मी दचकलो. मग ती एकदाच सगळं बोलली. मी 'ब्रेक, ब्रेक' ओरडलो तेव्हा तिला वाटलं, याचा लागत नाहीये, माझा दाबायला सांगतोय. तिने पाय उचललासुद्धा. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी, स्कूलच्या तेव्हाच्या गाडीत, तिने घाबरून असाच ब्रेक दाबला होता आणि मी भर रस्त्यात गाडी थांबवून तिला झापलं होतं, की पुन्हा त्याला पाय लावायचा नाही. तेव्हापासून ती प्रत्येक गाडीत पाय सीटखाली ओढून बसते. त्या दिवशीही उचललेला पाय तिने मागे घेतला.

"मी दाबला असता तर काही झालंच नसतं," ती म्हणाली. "ती गाडी बघितली की मला तेच दिसतं."

माझी मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. गप्प बसलो असतो तरी चाललं असतं; तिने जन्मभर स्वतःलाच दोष दिला असता आणि वर माझी काळजीही घेतली असती. याच विचाराने तोंड उघडलं.

"ब्रेक फेल झाला नव्हता. मी दाबलाच नाही. भिंत दिसली आणि सवयीने नुसता ओरडत राहिलो. स्टिअरिंगवरचा दाबेल म्हणून वाट बघत होतो. गाडी मी चालवतोय, हे डोक्यातच आलं नाही."



"अकरा दिवस मला झोप नाही," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी घोरत होता."



तिने रिव्हर्सला आत बोलावलं आणि गाडी दुरुस्त करायला सांगितलं. त्याने खूश होऊन वही काढली. आणखी काही काम आहे का, विचारलं.

"आहे," ती म्हणाली. "गाडी झाली की सरांना चालवायला शिकव. पहिल्यापासून. शिकले असं तुला वाटलं की मला कळव. मग शेजारी बसायचं की नाही, ते मी बघेन."

रिव्हर्सची माझ्याकडे बघायची हिंमत होईना. शेवटी मीच त्याला विचारलं, सकाळी किती वाजता येऊ.